जन्माच्या वेळचे वजन आणि चाळिशीतला मधुमेह



दरवर्षी जुलै महिन्यात आपल्या शाळेत प्रत्येक मुलाची उंची आणि वजन घेऊन आरोग्य-पत्रकात लिहिले जाते. मागच्या पालक सभेत काही पालकांनी विचारले, की या आकड्यांचे पुढे होते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल, कारण अशाच वजनाच्या वह्यांमुळे मधुमेहाविषयीची डॉक्टरांची समजूत बदलली.

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तेथे १९११ सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका आणि सुइणी गावोगाव फिरत. प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे वजन, ते अंगावर पिते की बाटलीने, वर्षाचे झाल्यावर वजन किती, दात किती आले, हे सारे मोठ्या वह्यांमध्ये शाईने लिहिले जाई. १९४८ पर्यंत हे काम चालले. लिहिणाऱ्या बायकांच्या मनात संशोधन वगैरे काही नव्हते. बाळे जगावीत एवढाच हेतू होता.

पुढे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत डेव्हिड बार्कर नावाचे प्राध्यापक होते. इंग्लंडच्या ज्या भागांत पूर्वी तान्ही मुले जास्त दगावत, त्याच भागांत पन्नास वर्षांनी हृदयविकाराचे मृत्यू जास्त होतात, असे त्यांना नकाशांवरून दिसले. गरिबीत जन्मलेल्यांना 'श्रीमंतांचा रोग' का व्हावा? याचे उत्तर शोधायला जन्माच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. त्यांनी देशभरातील दप्तरे धुंडाळली आणि हार्टफर्डशायरच्या वह्या हाती लागल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते. दोन वर्षांनी केंब्रिजच्या निकोलस हेल्स यांच्याबरोबर त्यांनी याच वह्यांतील, आता साठी ओलांडलेल्या माणसांना साखरेचे पाणी देऊन रक्त तपासले. कमी वजनाने जन्मलेल्यांत मधुमेह आणि त्याची पूर्वावस्था कितीतरी जास्त आढळली.

आता हे घडते कसे ते पाहू. आपण खातो त्या अन्नाची साखर होणे, ती स्नायूंनी वापरणे, उरलेली साठवणे आणि गरजेला पुन्हा बाहेर काढणे, या साऱ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे माझ्या तोंडी अजून 'उपापचय' येते. शास्त्र तेच.) ही उलाढाल स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन सांभाळते. आईच्या पोटात बाळाला अन्न कमी पडले, तर शरीर काटकसर करते आणि आधी मेंदू वाचवते. तोटा मग स्नायूंना, स्वादुपिंडाला, मूत्रपिंडाला सोसावा लागतो. बाळ जणू टंचाईच्या जगासाठी घडते. ते पुढेही टंचाईतच वाढले तर हिशेब कदाचित जमून जाईल. पण मोठेपणी त्याला भरपूर खायला आणि खुर्चीवरची नोकरी मिळाली, की साखर वापरायला स्नायू कमी, इन्शुलिनचा कारखाना लहान आणि माल मात्र जास्त, अशी अवस्था होते. हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ साली हा विचार मांडला तेव्हा पुष्कळांना तो पटला नव्हता. पण हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे जो दुष्काळ पडला, त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीला तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातही साखरेचा बिघाड जास्त निघाला.

आपल्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना वेगळेच कोडे पडले होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेही इंग्रजी पुस्तकांतल्यासारखे पन्नाशी-साठीचे लठ्ठ लोक नव्हते. ते तरुण होते आणि पुष्कळसे दिसायला बारीक होते. १९९३ साली त्यांनी साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची मापे गरोदरपणाच्या आधीपासून घेतली, त्या काय खातात आणि किती कष्ट करतात ते लिहून ठेवले आणि मग जन्मलेल्या बाळांची मापे घेतली.

या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमट्यात धरून जाडी मोजली, तर ती मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकी होती. म्हणजे बाळ रोड, पण त्यातल्या त्यात चरबी राखून असलेले. याज्ञिक यांनी अशा बाळाला 'बारीक-लठ्ठ' म्हटले. शब्द ऐकून हसू येते खरे, पण आपल्यापैकी अनेकांच्या सुटलेल्या पोटांचे मूळ तिथे आहे.

याचे एक गमतीदार उदाहरण याज्ञिक यांनी स्वतःवरच दाखवले. ते आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन, ज्याला बी.एम.आय. म्हणतात, अगदी सारखे होते, २२.३. यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली दोघांच्या फोटोसह हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आपल्याकडे बी.एम.आय. २३ च्या वर गेला की सावध व्हा असे सांगतात, पाश्चात्त्यांसाठी ही रेषा २५ आहे. काट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरे बोलते, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'बाळ बारीक जन्मले, म्हणून तूप-साखर घालून गुबगुबीत करू' असे आजी म्हणतात आणि त्यामागची माया समजते. पण दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदी डॉ. संतोष भार्गव आणि सहकाऱ्यांनी ठेवल्या होत्या. ती मुले तिशीच्या आसपास आल्यावर २००४ साली जे प्रसिद्ध झाले ते असे: पहिल्या दोन वर्षांत रोड राहिलेली आणि नंतर बारा वर्षांपर्यंत झपाट्याने वजन चढलेली मुले मधुमेहाकडे जास्त गेली. बाराव्या वर्षी त्यांतली फारच थोडी लठ्ठ म्हणावी अशी होती. वर्गात कोणी त्यांना जाडे म्हटले नसते. म्हणूनच एका वर्षाचे वजन पाहून काही कळत नाही, दरवर्षीचे ओळीने पाहावे लागते.

मग गर्भवतीने काय खावे? पुण्याच्या खेड्यांत असे दिसले, की एकूण पोळी-भाकरी किती खाल्ली याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध नव्हता. पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या स्त्रियांच्या खाण्यात जास्त वेळा होते, त्यांची बाळे मोठी होती. शेतात आणि घरात फार कष्ट करणाऱ्यांची बाळे लहान होती. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे वनस्पतींतून मिळत नाही, दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. आणि ज्या मातांमध्ये फॉलिक ॲसिड जास्त पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा परिणाम सर्वांत कमजोर आढळला. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सोडा असा मुळीच नाही, त्या गरजेच्याच आहेत. दुसऱ्या जीवनसत्त्वाकडेही पाहा, एवढाच अर्थ.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज दिला आणि दुसऱ्या गटाला साधा खाऊ दिला. बाळांच्या वजनाचे निकाल २०१४ साली आले. सर्व स्त्रिया मिळून पाहता बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने हा खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. शिवाय साध्या खाऊच्या गटात गरोदरपणातील मधुमेह १२.४ टक्के होता, तर या खाऊच्या गटात ७.३ टक्के. म्हणजे डोहाळजेवणाच्या वेळी सुरुवात करणे हा उशीर आहे.

मला यातली खरी गोष्ट ही वाटते. मधुमेहाची चर्चा आपल्याकडे वडिलांच्या साखरेवर आणि काकांच्या गोळ्यांवर चालते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे दिसले, तेव्हा चर्चेला विषयाची वाण नाही. परंतु पुढच्या पिढीचा मधुमेह आज आपल्या आठवी-नववीच्या वर्गात बसलेल्या मुलींच्या डब्याशी बांधलेला आहे. त्या डब्यात मी पाहते तेव्हा पुष्कळदा परतलेले पोहे आणि वर शेव असते. पोहे-जिलबी ही आपल्या इंदूरची शान आहे, तिच्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण भावाला दुधाचा पेला आणि बहिणीला चहा, हे अजून काही घरांत चालते. दहावीच्या वर्षी खेळाचा तास बुडवून शिकवणी लावा, असा आग्रहही पालकच धरतात. आणि हे वाचून एखाद्या सासूबाईंनी सुनेला 'तू खाल्ले नाहीस म्हणून' असे सुनावू नये. सर्वांच्या मागून उरलेले जेवण्याची रीत त्या सुनेने पाडलेली नाही. कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येकाला मधुमेह होतो असेही नाही. धोका वाढतो, आणि चालणे-खेळणे, बेताचे खाणे यांनी तो कमी करता येतो.

आता आपल्या आरोग्य-पत्रकाविषयी. यंदापासून त्यात दोन रकाने वाढवले आहेत, कमरेचे माप आणि जन्माच्या वेळचे वजन. जन्माचे वजन प्रसूतिगृहाच्या कागदावर किंवा लसीकरणाच्या कार्डावर सापडेल. नसेल तर रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने भरू नये. माहिती बंद पाकिटात वर्गशिक्षकांकडे द्यावी. ती वर्गात वाचली जाणार नाही आणि मुलांची मापेही यापुढे एकेकट्याने, पडद्याआड घेतली जातील. पहिलीपासूनची पत्रके एकत्र राहावीत म्हणून विश्वस्त मंडळाकडे एका लोखंडी कपाटाची मागणी केली आहे. शाळा सोडताना दाखल्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या सर्व वर्षांच्या नोंदींची प्रत मिळेल, ती घरी जपून ठेवावी आणि पुढे डॉक्टरांना दाखवावी.