लेकीला बॉक्सिंगला घालावं का?

मागच्या महिन्यात भोकरदनकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि एका बाईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तिची लेक दहावीला आहे, तालुक्याच्या शाळेत जाते. तिथे बॉक्सिंगचा सराव सुरू झालाय आणि पालकाची सही पाहिजे. "करू का नको, तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

पुढचा अर्धा तास नुसता कल्ला. एक जण म्हणाली, "पोरीच्या जातीने तोंडावर ठोसे खायचे? नाक मोडलं तर सोयरीक कोण करील?" दुसरी म्हणाली, "शिकू दे की. रस्त्यात कोणी आडवा आला तर एक ठेवून देईल." मग कोपऱ्यात बसलेल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एक आत्या बोलल्या, "माराचा बी खेळ असतो व्हय? आपण मार काय कमी पाहिला का?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

आमच्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून माहिती काढली, आपसात भांडलो, आणि आज तेच तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी खेळ कसा असतो ते बघू. चारी बाजूंनी दोर बांधलेला चौकोनी ओटा, त्याला रिंग म्हणतात. समोरासमोर एकाच वजनगटाच्या दोघी. हाताला पट्टी, वर जाड ग्लोव्ह्ज, दातांत रबरी गार्ड, डोक्याला हेडगिअर. मोठ्या बायकांचा सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा, मध्ये एक मिनिट दम खायला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या. ऐकायला थोडं वाटतं, पण दोन मिनिटं हात वर धरून नाचून बघा, मग कळेल. ठोसा मुठीच्या पुढच्या भागाने, समोरून किंवा बाजूने, कमरेच्या वरच मारायचा. डोक्याच्या मागे मारायला मनाई. फेरी जिंकणारीला 10 गुण, दुसरीला 9 किंवा त्याहून कमी. म्हणजे सामना जिंकायला समोरचीला आडवं पाडावंच लागतं असं नाही, बरेच सामने गुणांवरच सुटतात. पंच कधीही सामना थांबवू शकतो, आणि आपली पोरगी सावरत नाही असं दिसलं तर तिचा प्रशिक्षक टॉवेल टाकून तिला बाहेर काढू शकतो.

आत्यांच्या प्रश्नाला आमचं अर्धं उत्तर इथेच आहे. घरात जो मार बसतो त्यात वजनगट नसतो, घंटा नसते, पंच नसतो, टॉवेल टाकणारं कोणी नसतं, आणि "मला नाही खेळायचं" म्हणून उतरायची सोय नसते. रिंगमध्ये दोघी आपल्या मर्जीने चढतात आणि सामना संपला की एकमेकींना मिठी मारून उतरतात. तो मार आणि हा ठोसा एक नाही. (घरातल्या माराबद्दल कोणाला बोलायचं असेल तर 181 हा महिलांचा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत.) पण मर्जी असली म्हणून डोक्याला लागत नाही, असं थोडंच आहे? त्याकडे येतोच.

आधी हे बघू, की पोरींना यात गोडी कसली वाटते. आम्ही त्या लेकीलाच विचारलं. तिने पदकाचं नाव घेतलं नाही, नोकरीचंही नाही. म्हणाली, "बॅगवर ठोसा नीट बसला की धप्प आवाज होतो. तो मला आवडतो." आम्ही हसलो, पण घरी जाताना तेच डोक्यात होतं. हळू बोल, हळू चाल, पाय जवळ घेऊन बस, हे आपण लेकींना जन्मभर सांगतो. अंगातली ताकद पुरी लावून एखादी गोष्ट करायची मुभा किती जणींना मिळते? पोरांना आपल्याकडे ती कुस्तीत मिळते. डिसेंबर 2018 मध्ये आपल्या जालन्यात महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवलं, तेव्हा गावागावातून गाड्या भरून गेल्या होत्या. बायकांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला मात्र 2023 साल उजाडलं. ती सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. बॉक्सिंगचंही तसंच. बायकांचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो 2012 ला, लंडनमध्ये, आणि मणिपूरच्या मेरी कोमने त्यात कांस्यपदक आणलं. मेरी कोमचे आईवडील शेतात राबणारे. पोरगी बॉक्सिंग करते हे वडिलांना कळलं ते पेपरातला फोटो बघून, आणि त्यांना पहिली काळजी पडली ती तिच्या तोंडाची आणि लग्नाची. पुढे तिचं लग्न झालं, 2007 मध्ये जुळी मुलं झाली, आणि 2008 मध्ये ती परत जगज्जेती झाली.

याहून जवळचं उदाहरण निजामाबादचं. नांदेडच्या पलीकडे लागून आहे तो जिल्हा, निजामाच्या काळात आपण आणि ते एकाच राज्यात होतो. तिथली निखत झरीन 2022 आणि 2023 अशी सलग दोनदा जगज्जेती झाली. ती लहानपणी सरावातून तोंड सुजवून घरी आली तेव्हा तिची आईही लग्नाच्याच काळजीने रडली होती. आपल्या महाराष्ट्रातही आहेत: नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला आणि पुण्याची देविका घोरपडे 2022 ला युवा गटात जगज्जेती झाली. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा अनंता चोपडे 2019 मध्ये इंडोनेशियातून सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा हा आपल्याकडचा खेळ नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही.

नोकरीचंही सांगतो. राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्याला ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. नुसता सराव केला म्हणून नोकरी मिळत नाही. तसं कोणी सांगत असेल तर दोन पावलं मागे सरका.

"रस्त्यात एक ठेवून देईल" हे मात्र आम्हाला पटत नाही. रिंगमध्ये समोर एकच जण असते, आपल्याच वजनाची, नियम पाळणारी. रस्त्यावर तसं काही नसतं. बॉक्सिंगने पाय चपळ होतात, दम वाढतो, नजर खाली जात नाही, हे खरं. पण एसटी स्टँडवरच्या टवाळांना आवरायचं काम गावाचं आणि पोलिसांचं आहे, ते दहावीतल्या पोरीच्या मुठीवर टाकू नका.

आता डोक्याचं. नाक मोडलं तर बसवता येतं, ओठ फुटला तर शिवता येतो. मेंदूचं तसं नाही. विरजण लागलेलं दह्याचं भांडं गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरमध्ये ठेवलं तर भांडं फुटत नाही, पण आतलं दही मोडतंच. हेडगिअर म्हणजे ती गोधडी. त्याने कातडी वाचते, आतला हिसका थांबत नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून 2013 पासून हेडगिअर काढूनच टाकलं, बायकांना आणि लहानांना अजून घालावं लागतं. ग्लोव्ह्जही आधी मारणारीचा हात वाचवतात. दंडाला व्यायामाने पीळ येतो, मेंदूला ठोसे खाऊन घट्टपणा येत नाही.

वर्षानुवर्षं डोक्याला मार खाल्लेल्या बॉक्सरांची जीभ अडखळते, तोल जातो, विसर पडतो, हे डॉक्टरांनी 1928 पासून लिहून ठेवलंय. मुहम्मद अलीसारख्या जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बॉक्सरला खेळ सोडल्यावर तीनच वर्षांत, 1984 मध्ये, कंपवात असल्याचं निदान झालं. तो ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये मुलांनी बॉक्सिंग करू नये असंच सांगितलं. नॉर्वे देशाने पैशासाठीच्या बॉक्सिंगवर 1981 ते 2014 बंदी ठेवली होती. गुडघे कुस्तीत जातात, कबड्डीतही डोकी आपटतात, कबूल. पण तिथे ते चुकून होतं. इथे डोक्यावर ठोसा बसला तर गुण मिळतो. या खेळाची खरी अडचण ती आहे, आणि ती झाकून कोणी सही मागू नये.

यावर आमच्यात दोन मतं पडली. दोघी जणी म्हणाल्या, बॉक्सिंग नकोच, धावू दे, खो-खो खेळू दे. बाकीच्यांना वाटलं, बॅगवर मारणं, दोरीच्या उड्या, पायांची चाल, हे सगळं खुशाल शिकू द्यावं, कारण त्यात डोक्याला काही लागत नाही. एकमेकींवर ठोसे टाकायचा सराव मात्र उशिरा, थोडा, आणि मोठ्यांच्या डोळ्यादेखत. सामने वर्षातून मोजके असतात, सराव रोजचा असतो, त्यामुळे डोक्याला मार जास्त बसतो तो सरावातच. शेवटी आमचं ठरलं ते हेच. म्हणून सही करायच्या आधी आईने स्वतः जाऊन सराव बघावा. आठवड्यात किती दिवस समोरासमोर खेळवता, सारख्या वजनाच्या मुलीशीच खेळवता का, मुलांसमोर उभी करता का, जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे न्यायला गाडी आहे का, हे विचारावं. विचारल्याचा राग येणारा प्रशिक्षक असेल तर सही करूच नये.

ठोशानंतर पोरगी उलटी करत असेल, डोकं दुखत असेल, गुंगी येत असेल, तेच तेच विचारत असेल, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. "झोपली की बरं वाटेल" म्हणू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत रिंगमध्ये नाही, कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. स्पर्धेत डोक्यावरच्या ठोशाने पडलेल्या खेळाडूला निदान 30 दिवस खेळू देत नाहीत, तो नियम गावातही पाळायला हवा.

आणि वजनाचं. गट खालचा मिळावा म्हणून पोरींना उपाशी ठेवतात, पाणी तोडतात. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटला शंभर ग्रॅम वजनासाठी अंतिम कुस्ती खेळता आली नाही, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपल्या पोरींच्या अंगात आधीच रक्त कमी. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडं पोटभर खाऊन जे वजन येईल त्याच गटात तिने खेळावं.

परवा त्या बाईचा फोन आला. कागदावर सही अजून झालेली नाही. शनिवारी ती आणि त्या कोपऱ्यातल्या आत्या अशा दोघी मिळून सराव बघायला जाणार आहेत. आत्यांनी म्हणे स्वतःहून विचारलं, तिथे बसायला सावली आहे का.