सपाट पडद्यामागचें पोट

आमच्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या खोलींत एका कोपऱ्यांत जुना टी.व्ही. संच ठेवलेला आहे. मागील पावसाळ्यांत आठवीच्या एका विद्यार्थ्यानें त्याच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली व मला विचारलें, "सर, समोरून तर हा सपाट आहे, मंग मागं एवढं पोट कायले?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ज्या मुलानें जन्मापासून भिंतीवर टांगलेला, पाटीसारखा संचच पाहिला, त्याच्या लेखीं सपाट म्हणजेच पातळ. तो संच माझ्या घरचा असून आम्हीं तो बारा वर्षें वापरला आहे. तासाची घंटा झाल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अपुरें राहिलें, तें येथें पुरें करितों.

२००४ सालच्या नाताळच्या सुटींत वडिलांनीं हा संच अकोल्यास घेतला. तेव्हां ‘फ्लॅट’ या शब्दाची बाजारांत मोठी चलती होती. दुकानदार फुगीर कांचेचा संच व सपाट कांचेचा संच शेजारीं शेजारीं ठेवी. फुगीर कांचेंत दुकानांतील दार, खिडकी, दिवे सगळेंच लहान होऊन दिसे. सपाट कांचेंत एखादाच दिवा दिसे आणि खुर्ची हातभर सरकविली कीं तोही नाहींसा होई. एवढ्यासाठीं दोन हजार रुपये अधिक पडले. घरीं आणून चालूं केल्यावर आई म्हणाली, "चित्र तर मधात खोलगट दिसते." वडील गणिताचे शिक्षक. त्यांनीं फूटपट्टी आणून पडद्यावर आडवी, उभी व तिरपी टेकवून पाहिली. मधून कोठेंही उजेड आला नाहीं. "कांच सपाट आहे," असा त्यांनीं निकाल दिला.

परंतु आईचें पाहणेंही खोटें नव्हतें. वर्षानुवर्षें फुगीर पडदा पाहिलेल्या डोळ्यांस सपाट पडदा खचल्यासारखा वाटतो. शिवाय हौदाच्या कांठीं उभें राहिलें असतां दूरचा तळ जसा वर उचललेला दिसतो, तसेंच जाड कांचेंतून तिरपें पाहतांना कडेचें चित्र वर आल्यासारखें दिसतें. कारखानदारांस हें ठाऊक होतें. म्हणून बहुतेक सपाट संचांत कांचेची बाहेरची बाजूच काय ती सपाट असे; आंतली किंचित् वक्र ठेवीत, आणि त्यामुळें कांच मध्यें पातळ व कडेला जाड होई. फूटपट्टीनें मोजलें तें अर्धेंच सत्य होतें.

आतां पोटाकडे वळूं. या संचाचा प्राण म्हणजे चित्रनळी, जिला बाजारांत पिक्चर ट्यूब म्हणत. तिचा मूळ नमुना कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं तयार केला. नळीच्या मागील निमुळत्या मानेंतून विद्युत्कणांचे तीन झोत निघतात. मानेवर बसविलेलीं तांब्याच्या तारेचीं वेटोळीं त्यांना आपल्या चुंबकीय बळानें डावीउजवीकडे व वरखालीं वळवितात. पडद्याच्या आंतून तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे लेप असतात. झोत जेथें आदळतो तेथें लेप उजळतो. आपल्या देशांतील पद्धतींत एका चित्रास ६२५ ओळी आणि सेकंदास २५ चित्रें. हें सारें एकाच ठिकाणाहून रंगवावयाचें असतें. रात्रीं भिंतीपासून वीतभर अंतरावर विजेरी धरून सगळी भिंत उजळूं पाहा. मनगट कितीही वळवा, कडा तिरप्या व पुसटच राहतात. चार पावलें मागें सरकलें कीं काम सोपें होतें. हीं चार पावलें म्हणजेच तें पोट. पुढें कांहीं कारखान्यांनीं झोत १२५ अंशांपर्यंत वळवून ‘स्लिम’ संच काढले, तरी पोट कमी झालें इतकेंच.

पोटाबरोबर वजनही आलें. विद्युत्कणांची वाट हवेनें अडूं नये म्हणून नळी आंतून निर्वात केलेली असते. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटीमीटरास सुमारें १ किलो भारानें तिला दाबीत राहते. आमच्या संचाचा पडदा ५१ सेंटीमीटर कर्णाचा, म्हणजे सुमारें १,२५० चौरस सेंटीमीटरांचा. तेव्हां एकट्या पडद्यावर बारा क्विंटलांच्या आसपास भार, जणूं कापसानें शिगोशीग भरलेली बंडीच. फुगीर कांच हा भार कमानीप्रमाणें कडांवर ढकलून देते. दगडी कमानीवर भिंत उभी राहते, पण त्याच जागीं सरळ फरशी घातली तर ती बरीच जाड लागते. सपाट पडद्याचें तसेंच झालें. २१ इंची संच उचलण्यास दोन माणसें लागत, आणि २९ इंची संच पन्नास किलोंच्या घरांत जाई. माझ्या मेहुण्यानें तसला संच हौसेनें घेतला व तो ज्या भिंतीशीं पहिल्या दिवशीं ठेवला तेथेंच शेवटपर्यंत राहिला.

सपाटपणाची दुसरी अडचण कोपऱ्यांची. झोत जेथून वळतो त्या बिंदूपासून पडद्याचा मध्य जवळ व कोपरे दूर. त्यामुळें कांहीं उपाय न केल्यास चित्र कोपऱ्यांकडे ताणलें जाऊन उशीच्या आकाराचें होतें व अक्षरेंही तेथें अंधुक होतात. हें सुधारण्यासाठीं वळविणाऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह ओळीओळीस बदलावा लागतो. तें काम करणारे भाग लहान, स्वस्त आणि उष्णतेस भिणारे. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, मग बंद पेटींतील उष्मा काय वर्णावा! सातव्या उन्हाळ्यांत आमच्या चित्राच्या दोन्ही बाजू आंत दबल्या. बातम्या देणारी बाई डमरूंत बसल्यासारखी दिसूं लागली. वडिलांस वाटलें, चित्रनळीच गेली. कारागिरानें सुपारीएवढा एक कपॅसिटर बदलला, साठ रुपये घेतले व चित्र सरळ झालें.

शेजाऱ्यांचा अनुभव निराळा. त्यांनीं नव्या संचास खेटून मोठे ध्वनिक्षेपक ठेवले आणि दोन्ही कडांस जांभळे-हिरवे डाग पडले. लेपाच्या मागें बारीक छिद्रांची पोलादी जाळी असते; प्रत्येक झोत आपापल्या रंगावरच पडावा हें तिचें काम. ती लोहचुंबकानें भारली गेली कीं झोत परक्या रंगावर पडतात. यावर उपाय संचांतच असतो. मुख्य कळ दाबतांक्षणीं ‘धप्प’ असा आवाज होतो, तो जाळीचें चुंबकत्व घालविणाऱ्या वेटोळ्याचा. मात्र तें वेटोळें पुन्हां काम करण्यापूर्वीं त्यांतील प्रवाह रोखणारा तुकडा थंड व्हावा लागतो, म्हणून अर्धा तास संच बंद ठेवावा. केवळ रिमोटनें निजविलेल्या आमच्यासारख्या संचांत हें घडत नसे. २००५ नंतर कांहीं वर्षें आपल्याकडे भारनियमनानें जीव नकोसा केला होता. परंतु वीज जाऊन परत आली कीं ‘धप्प’ होई आणि रंग स्वच्छ होत. भारनियमनाचें एवढें एक पुण्य मीं मान्य केलें आहे.

सोनी कंपनीच्या ट्रिनिट्रॉन नळींत छिद्रांच्या जाळीऐवजीं ताणलेल्या उभ्या तारा असत व त्या थरथरूं नयेत म्हणून त्यांवरून एखाददुसरी बारीक आडवी तार घेतलेली असे. तिची पुसट सांवली पांढऱ्या चित्रावर दिसे. कित्येकांनीं ती कांचेची चीर समजून दुकानदाराशीं भांडण केलें. तें भांडण व्यर्थ होतें.

२०११ सालीं माझी नेमणूक अमरावतीस झाली व वडिलांनीं संच माझ्याबरोबर दिला. गादींत गुंडाळून टेम्पोनें आणला. मूर्तिजापुरावरून बडनेऱ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझा हात गादीवर जाई. याच अकोला-अमरावती मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून जागतिक विक्रम नोंदविला गेला. तो थोडा आधीं होता तर बरें झालें असतें! येथें संच पूर्वाभिमुख ठेविला आणि एक कोपरा हिरवट झाला. अकोल्यास तो उत्तरेकडे तोंड करून होता. पृथ्वीचें चुंबकत्व त्यास आतां निराळ्या दिशेनें लागत होतें. अर्धा तास विश्रांति, एक ‘धप्प’, आणि कोपरा निवळला.

या नळ्यांचा काळ मात्र संपत आला होता. आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीनें २००५ सालीं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको व चीन येथील कारखाने मराठी मुलखांतल्या कंपनीच्या हातीं आले. पांच-सहा वर्षांतच पातळ पडद्यांनीं बाजार काबीज केला. २०१८ सालीं ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेली. अर्थात् त्यास तिच्या इतर धंद्यांचीं कर्जेंही कारण होतीं.

आमचा संच २०१६ सालीं बंद झाला. भंगारवाल्यास बोलाविलें. तो दीडशें रुपये देण्यास तयार झाला व म्हणाला, "तांबं तेवढं काढून घेतो, काच मले नाही पायजे." त्याच्या हातांत हातोडा होताच. मीं त्यास थांबविलें. नळीची मान अविचारानें फोडली तर बाहेरची हवा एकदम आंत घुसून कांचा चहूंकडे उडूं शकतात. शिवाय चालूं नळींत सुमारें पंचवीस हजार व्होल्टांचा दाब असतो व बंद केल्यावरही त्याचा कांहीं भाग साठून राहतो. आणि जी कांच त्यास नको होती, तिच्या मागील नरसाळ्यांत शिसें मिसळलेलें असतें. क्ष-किरण बाहेर पडूं नयेत म्हणून तें घालतात. किलो-दीड किलो शिसें नाल्याच्या कांठीं टाकून द्यावयाचें, एवढाच त्या दीडशें रुपयांचा अर्थ होता. असे संच अधिकृत संकलकाकडे द्यावे, असा नियम २०१२ सालीं लागू झाला होता.

तसा संकलक मिळेपर्यंत म्हणून मीं संच शाळेंत आणला, आणि मुलांच्या प्रश्नांमुळें तो तेथेंच राहिला. मागचें झांकण उघडूं नये अशी चिठ्ठी त्यावर लावली आहे. पुढच्या तासाला त्या विद्यार्थ्यानें फूटपट्टी मागितली. पडद्यापासून मागच्या टोंकापर्यंत पोटाची लांबी ४७ सेंटीमीटर भरली. ती त्यानें वहींत लिहून घेतली.