मेंदूतली आक्रमक गाठ : पेशंट किती काळ जगेल, हे कशावर ठरतं?

नांदेड/लातूर : पन्नाशीच्या धडधाकट माणसाला शेतात अचानक फीट येते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी अंगारा लावतं. माणूस शुद्धीवर येतो आणि विषय तिथंच मिटतो. फीट म्हणजे दरवेळी गाठच असते असं नाही. आपल्याकडं टीबीमुळं किंवा जंतामुळंही मेंदूत सूज येऊन झटके येतात. पण मोठ्या वयात आयुष्यातला पहिलाच झटका आला, तर सीटी किंवा एमआरआय करायलाच हवं. सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होणं, एका बाजूचा हात-पाय कमजोर होत जाणं, बोलताना शब्द न सापडणं, शांत माणूस एकदम चिडखोर होणं, हीदेखील दुर्लक्ष न करण्यासारखी लक्षणं आहेत.

मेंदूतल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. काही ऑपरेशननं कायमच्या जातात. सगळ्यात आक्रमक ती ग्लिओब्लास्टोमा. शेतातल्या हरळीसारखी ती आत मुळ्या पसरते, म्हणून ऑपरेशननं पूर्ण निघत नाही. २००५ साली युरोप आणि कॅनडातल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता शेक, म्हणजे रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यम आयुष्य १२.१ महिने आलं, शेकासोबत टेमोझोलोमाइडची गोळी घेतलेल्यांचं १४.६ महिने. मध्यम म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यापेक्षा जास्त जगले. दोन वर्षांनी गोळीवाल्या गटात शंभरातले २६ जिवंत होते, दुसऱ्या गटात फक्त १०. तेव्हा 'डॉक्टरनं वर्षाची मुदत दिली' ही गावातली भाषा बरोबर नाही.

कोण कुठल्या निम्म्यात जाईल? वय कमी असेल आणि पेशंट स्वतः चालत, जेवत, आंघोळ करत असेल तर आशा जास्त. गाठ जितकी जास्त निघेल तितकं बरं, मात्र ती बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राजवळ असेल तर सर्जन थोडी मुद्दाम ठेवतात. तो हलगर्जीपणा नव्हे.

गाठीचा गुणही महत्त्वाचा. एमजीएमटी नावाचं जनुक बंद असेल तर गोळी जास्त लागू पडते. आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठी तुलनेनं सावकाश वाढतात. २०२१ पासून त्यांना ग्लिओब्लास्टोमा म्हणतही नाहीत. या तपासण्या काढलेल्या तुकड्यावरच होतात. म्हणून डिस्चार्ज घेताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, स्लाइड आणि मेणातला ब्लॉक कसा मिळेल ते विचारून घ्यावं. पुढच्या दवाखान्यात पहिल्यांदा तेच मागतात.

वय आणि जनुक कुणाच्या हातात नाही. शेक मात्र आहे, आणि खेड्यातला पेशंट मागं पडतो तो बहुतेक इथंच. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत शेक सुरू व्हावा लागतो. साधारण ३० वेळा, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. सोयाबीनच्या काढणीला म्हणून मधेच गावी आलं की साखळी तुटते. म्हातारा किंवा अशक्त पेशंट असेल तर तीन आठवड्यांत १५ वेळांचा छोटा कोर्सही असतो. डॉक्टरांना तसं विचारायला लाजू नये.

आणखी एक घोळ घरोघरी होतो. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडनं दोन-चार दिवसांत पेशंट उठून बसतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला. मग गोळ्या बंद, आणि पाठोपाठ फीटच्याही बंद! स्टेरॉइड एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात कॅन्सर विभाग आहे. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय, मुंबईत परळचं टाटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधीच विचारावं. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवावं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.