बटाट्याचा कीस आणि हाताचा गुण

जबलपूरच्या राइट टाउन वस्तीत भाजीवाल्याकडे मागितला जातो तो आलू; मराठी घराचा उंबरठा ओलांडला की त्याचाच बटाटा होतो. पोर्तुगिजांकडून मराठीत आलेला हा शब्द मराठी कुटुंबांबरोबर नर्मदाकाठी पोचला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची राजधानी नागपुरास होती, त्यामुळे दोन्ही शहरांचा संबंध टिकून राहिला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. तथापि उपवासाच्या फराळातील बटाट्याच्या किसाला प्रांतरचनेचा धक्का लागला नाही.

या किसापायी घरोघरी एक अन्याय मात्र होत आला आहे. महाशिवरात्रीला सोनेरी आणि कुरकुरीत उतरणारा कीस आषाढी एकादशीला काळपट व गोडसर होतो. हात तोच, कढई तीच, तूपही तेच. तरी 'हाताला गुण नाही' हा शेरा घरातील सुनेलाच ऐकावा लागतो. तो कितपत न्याय्य आहे, हे बटाट्याच्या अंतरंगात डोकावल्याशिवाय कळावयाचे नाही.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः पिष्ट. किसताना पेशी फाटतात आणि पिष्ट बाहेर येते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेला ते पाणी शोषून फुगते व त्याची खळ बनते. कीस चिकट होऊन त्याचा गोळा होतो तो या खळीमुळे. शिवाय किसात पाणी आहे तोवर त्याची उष्णता १०० अंशांच्या फारशी वर चढत नाही, आणि खमंग तांबूस रंग तर त्याहून बऱ्याच अधिक उष्णतेला येतो. म्हणून पाणी आधी गेले पाहिजे, मगच कुरकुरीतपणा.

रंगाचे कारण निराळे. शर्करा आणि अमिनो आम्ले यांचा तापल्यावर संयोग होऊन तो रंग येतो. लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. माघ-फाल्गुनात शेतातून नुकत्याच निघालेल्या पक्व बटाट्यात शर्करा थोडी असते. आषाढातला बटाटा मात्र बहुधा शीतगृहातून येतो. २ ते ४ अंशांच्या थंडीत त्याला कोंब फुटत नाहीत. पण पिष्टाची शर्करा होत राहते. असा बटाटा तुपात पडला की शिजण्याआधीच करपू लागतो. यात सुगरणीचा काय अपराध?

उपाय मात्र तिच्या हाती आहेत. शीतगृहातला बटाटा आणल्यावर दोन-तीन आठवडे घरातील साध्या हवेत, अंधाऱ्या जागी टोपलीत ठेवला तर शर्करा पुष्कळ उतरते. तो शीतकपाटात ठेवू नये. हिरवा पडलेला वा कोंब फुटलेला बटाटा टाकून द्यावा. त्यात विषारी द्रव्य वाढलेले असते. कीस जाड किसणीने थेट पाण्यात पाडावा आणि पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा धुवावा. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा साका म्हणजेच ते पिष्ट. धुण्याने थोडी शर्कराही निघून जाते. नंतर कीस स्वच्छ फडक्यात घट्ट पिळावा.

पसरट कढईत तूप तापवून जिरे व हिरवी मिरची घालावी आणि कीस पातळ थरात पसरावा. एकदम ढीग केला तर तो वाफेत शिजतो. मऊ किसासाठी झाकण ठेवतात. कुरकुरीत हवा असेल तर झाकण नको, कारण अडलेली वाफ पाणी होऊन पुन्हा किसातच पडते. आच मध्यम असावी. खालची बाजू धरेपर्यंत उलथने लावू नये. मिठाने पाणी सुटते, म्हणून मीठ शेवटी. दाण्याचे कूटही तेव्हाच, नाहीतर ते जळते. रंग सोनेरी झाला की उतरावे. फार तांबूस झालेल्या बटाट्यात ॲक्रिलमाइड हे अपायकारक द्रव्य अधिक असते, हे स्वीडनमधील संशोधनातून २००२ साली पुढे आले.

स्वित्झर्लंडमधील 'रोश्टी' आणि अमेरिकन न्याहारीतील 'हॅश ब्राउन' ही या किसाचीच भावंडे. पाणी आणि शर्करा यांचे नियम त्यांनाही चुकलेले नाहीत. तळणीसाठी कमी शर्करेचा बटाटा हवा म्हणून सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने १९९८ साली 'कुफ्री चिप्सोना' या जाती प्रसृत केल्या. जो दोष दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांना नवे वाण घडवावे लागले, त्याचा ठपका राइट टाउनमधल्या एखाद्या सुनेच्या हातावर ठेवणे बरे नव्हे. यापुढे आषाढीचा कीस काळवंडला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो बटाटा चार महिने कोठे होता, याची चौकशी आधी करावी.