चांदणी चौक या नांवाचा अर्थ

दिल्लीच्या चांदणी चौकांतून आम्ही नुकतेच लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंत पायीं गेलों. सन २०२१ पासून तेथें दिवसा मोटारींस बंदी आहे. हें नांव चांदीच्या दुकानांवरून पडलें, असें पुष्कळ सांगतात. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं. मराठींत चांदणी म्हणजे तारका. हिंदींत मात्र चांदणें. शहाजहानाची कन्या जहांआरा हिनें सन १६५० च्या सुमारास ही पेठ वसविली, तेव्हां मधून कालवा वाहे व चौकांत हौद होता. त्यांत चांदणें बिंबे, म्हणून चांदणी चौक. पुढें तेंच नांव सबंध रस्त्यास जडलें. हौद बुजला, कालवा लोपला. त्यांची साक्ष आतां या एका शब्दांत उरली आहे. तो शब्द तरी आपण नीट वाचावा.