उतारवयात मातीशी मैत्री

सत्तरीनंतर नवे काही शिकावेसे वाटले, तर मातीकामाचा विचार अवश्य करावा. आरंभी चाकाची आवश्यकता नाही. कुंभाराकडून आणलेल्या, मळलेल्या मातीचा मोसंबीएवढा गोळा घ्यावा, मध्यभागी अंगठा रुतवावा आणि चिमटीने कडा हळूहळू वर आणाव्यात; वाटी आकार घेऊ लागते. संधिवात असल्यास माती अधिक मऊ ठेवावी व बोटे दुखू लागताच थांबावे. ओल्या फडक्याखाली झाकलेली माती उद्याही मऊच राहते.

वाटी सावलीत सावकाश वाळवावी. घाईने तडे जातात. भट्टीत सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजल्यावरच ती पक्की होते. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती : आपल्या आजी-आजोबांची वाटी वाकडी झाली, तर ती नीट करून देऊ नका. औषधापासून स्नानापर्यंत ज्यांना इतरांवर अवलंबून राहावे लागते, त्यांना ‘ही मी केली’ असे म्हणता येणे मोलाचे असते. कच्ची वाटी मोडली तरी बिघडत नाही. पूर्ण वाळू द्यावी, पाण्यात भिजवावी. तीच माती पुन्हा मळता येते.