वीस वर्षांचा संसार, पण कागद कुठे आहे?

"मालक वारले. पेन्शनसाठी कचेरीत गेले तर लग्नाचा दाखला मागतात." अशी तक्रार घेऊन कितीतरी माता-भगिनी आमच्याकडे येतात. लग्न झालेले असते. विहारात, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, त्रिशरण-पंचशील घेऊन. पण फोटो नाहीत, आणि लग्न लावणारे बौद्धाचार्य हयात नाहीत. मग कोणी धीर देतो, "इतकी वर्षे एकत्र राहिलात, म्हणजे कायद्याने लग्न झालेच." हे अर्धेच खरे आहे.

नुसते एकत्र राहिल्याने लग्न होते असा कायदा आपल्या देशात नाही. अमेरिकेतल्या काही मोजक्या राज्यांत विधीशिवायचे लग्न मानले जाते, पण नुसते एकत्र राहणे तिथेही पुरत नाही. आपल्याकडे आहे ते फक्त अनुमान. दोघे दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून नांदले, सोयरे-शेजारी तसेच मानत आले, तर न्यायालय लग्न झाले असे धरून चालते. 1978 साली बद्री प्रसाद खटल्यात सुमारे 50 वर्षे संसार केलेल्या जोडप्याचे लग्न सर्वोच्च न्यायालयाने असेच मानले. अर्ध्या शतकानंतर लग्न पाहिलेले साक्षीदार आणायचे कुठून, हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा साधा प्रश्न होता.

मात्र हे अनुमान पुराव्याने मोडते. नवऱ्याची पहिली बायको हयात असेल आणि कायदेशीर घटस्फोट नसेल, तर वीस काय, चाळीस वर्षेही कामी येत नाहीत. स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी बहुधा कोर्टात टिकत नाही. अशा लग्नाच्या मुलांना आईबापाच्या मालमत्तेत हक्क मिळतो. बायको म्हणून वारसाहक्क त्यांच्या आईला मिळत नाही. किती घरे यात पोळली आहेत!

आपल्या लग्नांना 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. ते नाव आम्हालाही खटकते. पण ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्यातूनच तो आला, हे विसरू नये.

नवरा वारला असेल तर रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जुन्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करावीत. दोघेही हयात असतील तर वाट कशाला पाहायची? महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद होते. उशीर झाला तर जास्तीचे पैसे भरावे लागतात, एवढेच. तीन साक्षीदार न्यावे लागतात. यजमान "आता या वयात कशाला?" म्हणतील, त्यांना बरोबर घेऊनच जावे, कारण सही दोघांची लागते.